पस्तीसचं भोक आणि काठाचे पाच मिलिमीटर

कपाटाच्या पल्ल्यांबद्दल काही अडलं असेल तर लिहा, असं मागच्या वेळी म्हटलं आणि पत्रांचा गठ्ठाच आला. वाचून बघतो तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच भोकाबद्दल. बाहेरून न दिसणारी ती बिजागरी, जिला कोणी ऑटो हिंज म्हणतं, कोणी कप हिंज, तिची वाटी बसवायला पल्ल्याच्या पाठीत पाडायचं ३५ मिलिमीटरचं भोक. तेव्हा पॉलिशची, रंध्याची आणि फुगलेल्या ड्रॉवरची पत्रं पुढच्या खेपेला. आज फक्त हे.

प्रश्न : नोकरी सांभाळून हौसेनं सुतारकाम करतो. १८ मिमी प्लायचे बारा पल्ले केले, प्रत्येकाला दोन बिजागऱ्या, म्हणजे चोवीस भोकं. पट्टीनं मोजून, गुण्या लावून, पेन्सिलीनं फुली मारून हातातल्या ड्रिलनं पाडली. बसवल्यावर एकही पल्ला दुसऱ्याच्या रेषेत नाही. दोन तर वरून बाहेर आणि खालून आत. स्क्रू फिरवून फिरवून थकलो. माझं मोजमाप इतकं चुकतं का?

उत्तर : मोजमाप फारसं चुकलेलं नाही. ते चोवीस वेळा केलंत, तिथे घोळ झाला. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड, डोळा पट्टीच्या नेमका वर नसला की आणखी अर्धा, आणि फुलीवर टेकवलेलं बिटाचं टोक मशीन सुरू होताना टुणकन सरकलं की एक. तिन्ही एकाच बाजूला पडले की दोन मिलिमीटर गेलेच.

आता हे अंतर नेमकं कुठलं, ते बघू. वाटीचा व्यास ३५, त्याचं अर्धं साडेसतरा. भोकाची कड आणि पल्ल्याची कड यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरते, ती बहुतेक बिजागऱ्यांना ३ ते ६ मिलिमीटर चालते. मी ५ ठेवतो. ३ वर प्लायचा काठ तडकलेला आणि पार्टिकल बोर्डाचा काठ भुगा होऊन गळलेला पाहिलाय, म्हणून. साडेसतरा आणि पाच, साडेबावीस. कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत २२.५ मिलिमीटर. हा आकडा पाठ असू द्या, पण सगळा खेळ त्या पाचाचा आहे. पाचाचे सहा झाले की पल्ला कपाटाच्या बाजूच्या फळीवर एक मिलिमीटर जास्त चढतो, चार झाले की एक मिलिमीटर कमी. वरचं भोक सहावर आणि खालचं चारावर पडलं की पल्ला वरून बाहेर, खालून आत. तुमचे ते दोन पल्ले हेच असणार. बिजागरीचा आडवा स्क्रू पल्ल्याला इकडे-तिकडे साधारण दोन-दोन मिलिमीटर हलवतो, पण तो सगळा भोकाची चूक झाकण्यात खर्ची पडला तर पुढे कधी पल्ला बसला की फिरवायला हातात काही उरत नाही.

तेव्हा पट्टी खाली ठेवा. पिलर ड्रिल, म्हणजे खांबाला बसवलेलं, सरळ खाली उतरणारं ड्रिल, वापरायला मिळत असेल तर त्याच्या टेबलावर मागे एक सरळ लाकडी पट्टी लावायची, पल्ल्याची कड टेकायला. कारखान्यात तिला फेन्स म्हणतात. मशीनचा प्लग काढा. ३५ चा बिट चकमध्ये घट्ट करून टेबलापर्यंत खाली आणा. आता ५ मिलिमीटरच्या साध्या ड्रिल बिटाचं मागचं गुळगुळीत टोक घ्या, ते फेन्स आणि मोठ्या बिटाची गोल कड यांच्यामध्ये धरा आणि फेन्स हलके हलके पुढे सारत आणा. छोटा बिट बोटांत फिरवत राहायचं. सुरुवातीला तो मोकळा फिरेल, मग दोन्हीकडून घासल्याचा बारीक खर्र आवाज येईल. अजून फिरतोय पण खाली सोडला तर पडत नाही, अशा जागी फेन्स आवळा. आले तुमचे पाच मिलिमीटर, आणि पट्टीवरचा एकही आकडा न वाचता आले.

मग बिटाच्या मध्यापासून डावीकडे १०० मिलिमीटरवर एक ठोकळा पक्का करा, उजवीकडे तशाच दुसऱ्याची जागा आखून ठेवा. एवढंच काय ते मोजायचं. पल्ला फेन्सला टेकवा, डाव्या ठोकळ्याला भिडवा, पाडा, असं सगळ्या पल्ल्यांचं एकेक भोक. मग डावा ठोकळा काढा, उजवा लावा, पल्ले त्याला भिडवून दुसरी भोकं पाडा. समजा यातही काही चुकलं, तरी चोवीसच्या चोवीस भोकं सारखीच चुकतील, आणि सारखी चूक कपाटातली प्लेट, म्हणजे बिजागरी जिच्यावर अडकते ती पट्टी, थोडी सरकवून सावरता येते. चोवीस तऱ्हेच्या चुकांना औषध नाही.

हातातलंच ड्रिल असेल तर साचा करावा लागेल. १२ मिलिमीटर प्लायचा हातभर तुकडा घ्या, त्यात एकदाच ३५ चं आरपार, सरळ उभं भोक पाडा. हे एक भोक कुणाच्या तरी पिलर ड्रिलवर पाडून आणलंत तर उत्तम. बिटाचं डोकं त्यात बसवून खालच्या अंगानं जरा बाहेर येऊ द्या, वर सांगितल्यासारखाच ५ चा बिट मध्ये धरून एक पट्टी भिडवा, क्लॅम्प लावा, स्क्रूनं पक्की करा. साचा पल्ल्यावर ठेवला की पट्टी कडेला टेकते आणि भोक आपोआप जागेवर येतं. खोलीची खूण करताना साच्याचे १२ मिलिमीटर त्यात धरायला विसरू नका.

इथे बिट मात्र अखंड गोल कडेचा, अस्सल फोर्स्टनर हवा. बेंजामिन फोर्स्टनर या अमेरिकी माणसानं १८७४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याची करामत अशी, की तो मधल्या टोकाच्या भरवशावर चालत नाही, बाहेरच्या गोल कडेच्या आधारानं चालतो. म्हणून साच्याच्या भोकात तो भिंतीला धरून सरळ उतरतो. कार्बाइडच्या दातांचा बिट त्यात घातलात तर दात आधी साच्यालाच खातील, आणि दहाव्या पल्ल्यापर्यंत तुमचं ३५ चं भोक सैल होऊन बसेल. तसला बिट असेल तर साच्यात मोठं भोक नकोच. मध्यावर खिळ्याएवढं भोक ठेवा, त्यातून टोच्यानं पल्ल्यावर ठसठशीत खड्डा करा आणि साचा काढून बिटाचं टोक त्या खड्ड्यात बसवा.

एक धोका सांगून ठेवतो, कारण तो मी पुरता भोगलाय. एकदा चौदा पल्ले घेऊन बसलो होतो. पहिले सहा झकास. बसवताना कळलं की सातव्यापासून पुढचा प्रत्येक पल्ला थोडा थोडा कमी चढतोय. फेन्स हललेली नव्हती, बिट तोच, हात तोच. शेवटी वाकून टेबलाच्या उंचीवर डोळा नेला, तेव्हा फेन्सच्या पायथ्याशी भुशाची घट्ट बसलेली काळसर रेघ दिसली. पल्ला फेन्सला टेकतच नव्हता, भुशाला टेकत होता. दीड मिलिमीटर भुसा! नखानं खरवडला तर वडीसारखा निघाला. तेव्हापासून माझ्या फेन्सची खालची कड मी रंध्यानं तिरकी मारलेली असते, भुशाला जायला जागा हवी म्हणून. शिवाय दर भोकानंतर ब्रश. फुंकर मारू नये, भुसा डोळ्यात जातो आणि थोडा तिथेच राहतो.

प्रश्न : पांढऱ्या लॅमिनेटचा पल्ला, बोर्ड १६ मिमीचा. भोक पाडताना पुढच्या बाजूला बिटाचं टोक डोकावलं. टाचणीच्या डोक्याएवढंच आहे, पण घरात येणारा प्रत्येक जण तेच बघतो. खोली किती ठेवायला हवी होती, आणि आता काय करू?

उत्तर : येणारा प्रत्येक जण बघत नाही हो, तुम्ही बघता. पण दुखणं कळतं मला. माझ्या हातून हे व्हेनियरच्या पल्ल्यावर झालंय. बिट उतरत होता, पापुद्रे गोल गोल वर येत होते, आणि मी मनात पुढच्या कामाचा हिशोब करत होतो. हाताखाली पल्ला किंचित उचलल्यासारखा वाटला, तिकडे लक्ष दिलं नाही. उलटा करून बघतो तर व्हेनियरवर पुटकुळी. फुटली नव्हती, नुसती बोटाला लागत होती. म्हटलं, पॉलिशमध्ये जाईल. पॉलिश झाल्यावर तिरप्या उजेडात ती अशी चमकायला लागली की दुसरं काही दिसेना. पल्ला नवा करून दिला.

बिजागरीची वाटी मोजा. साधारण ११ ते १३ मिलिमीटर खोल असते. तिच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त, बस्स. तुमच्या सोळातून तेरा वजा केले तर तीनच उरतात. आता बिटाच्या मधलं टोक कडेच्या पुढे किती आलंय ते बघा. पुष्कळ बिटांचं तीन किंवा त्याहून जास्त असतं. म्हणजे भोकाची खोली बरोबर होती, टोक पुढे गेलं. पातळ पल्ल्यांसाठी मी एक बिट वेगळाच ठेवलाय, त्याचं टोक कानशीनं घासून दीड मिलिमीटरवर आणलंय. घासताना टोक मध्यावरच राहील इतकं बघायचं, नाहीतर बिट थरथरतो.

खोली ठरवायला त्याच बोर्डाचा टाकाऊ तुकडा घ्या. पट्टी घालून मोजत बसू नका, वाटीच आत घाला. तिचे दोन्ही पंख बोर्डावर सपाट टेकले, खाली उजेड दिसत नाही, की झालं. मग ड्रिलची खोली अडवणारा स्टॉप आवळा. बिटावर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करणारे बरेच आहेत. दोन भोकांपुरती ती ठीक आहे, तिसऱ्याला ती भुशानं वर सरकलेली असते. आणि पल्ल्याच्या खालची फळी पुसून घ्या. खाली एखादा खडा आला की पुढची बाजू ओरखडते, आणि पल्ला वर उचलला गेल्यानं भोक तेवढं जास्त खोल जातं.

आता झालेल्याचं काय. रंगाचा पल्ला असता तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, पुन्हा रंग मारला असता. लॅमिनेटला तसं करता येत नाही. त्याच पांढऱ्या छटेची मेणकांडी मिळते, ती नखाच्या उबेनं दाबून भरा आणि प्लास्टिकच्या कार्डानं सपाट करा. हातभर अंतरावरून दिसणार नाही. जवळून दिसेल.

प्रश्न : भोक पाडताना धूर येतो, आतली भिंत काळी पडते. बिट नवा आहे.

उत्तर : वेग कमी करा. ३५ च्या बिटाचा परीघ ११ सेंटिमीटर. मिनिटाला ३००० फेरे घेतले तर त्याची कड मिनिटात ३३० मीटर धावते. तेवढ्याच फेऱ्यांत ८ च्या बिटाची कड ७५ मीटरच धावते. म्हणून छोट्या बिटाला चालणारा वेग मोठ्याला जाळतो. प्लाय आणि मऊ लाकडाला हजाराच्या आसपास, कठीण लाकडाला पाचशेच्या. आणि घाबरत घाबरत टेकवू नका. जो बिट कापत नाही तो घासतो, आणि घासला की तापतो. दाबा, पापुद्रा निघू द्या, उचला, पुन्हा दाबा. एमडीएफ असेल तर तोंडाला मास्क.

प्रश्न : जुन्या बिजागऱ्या सैल झाल्या म्हणून दुसऱ्या कंपनीच्या आणल्या. वाटी भोकात अचूक बसते, पण तिच्या दोन स्क्रूंची भोकं जुन्यांशी जुळत नाहीत. दुकानदार म्हणाला होता, सगळ्या ३५ च्याच असतात.

उत्तर : बहुतेक ३५ च्याच असतात, त्याचं फारसं खोटं नाही. स्क्रूंच्या जागा मात्र सगळ्यांच्या एक नाहीत. दोन आकडे बघायचे असतात. दोन स्क्रूंमधलं अंतर, आणि ती स्क्रूंची रेष वाटीच्या मध्यापासून आतल्या अंगाला किती आहे ते. ४५ आणि साडेनऊ ही एक जोडी, ४८ आणि सहा ही दुसरी, ५२ आणि साडेपाच ही तिसरी. जुनी बिजागरी फेकली नसेल तर दोन्ही शेजारी ठेवून मोजा.

पंचेचाळीसवरून अठ्ठेचाळीसवर जात असाल तर नवं भोक जुन्यापासून जवळजवळ चार मिलिमीटर दूर पडतं, निभतं. अठ्ठेचाळीसवरून बावन्नवर जाताना अंतर जेमतेम दोन मिलिमीटर. तिथे नवा स्क्रू हमखास जुन्या भोकात घसरतो आणि वाटी तिरकी ओढतो. म्हणून आधी जुनी भोकं बुजवा. लाकडाची बारीक सळी तासून, गोंद लावून ठोका, वाळू द्या, पटाशीनं सपाट कापा. मग नवी खूण करून अडीच मिलिमीटरच्या बिटानं वाट करा आणि साडेतीनचा स्क्रू लावा. काड्यापेटीतल्या काड्या भरणारे आहेत. मीही भरल्यात, घाई असताना.

स्क्रू लावण्याआधी बिजागरी पल्ल्याच्या कडेला काटकोनात आहे का, तेवढं गुण्यानं बघा. वाटी गोल आहे, ती कुठल्याही दिशेला आनंदानं बसते. एक तिरकी बसली की दोन बिजागऱ्या एकमेकींशी भांडतात आणि पल्ला मिटताना मध्येच अडतो. लोक दोष स्प्रिंगला देतात.

प्रश्न : झिरो क्रँक, आठ क्रँक, सोळा क्रँक यांतली कुठली कुठे? आणि कपाटाच्या आतली प्लेट किती अंतरावर? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर : आकडा बिजागरीच्या हाताच्या बाकाचा आहे. हात सरळ असेल तर झिरो. पल्ला बाजूच्या फळीची जवळजवळ सगळी जाडी झाकतो, अठरातले सोळाच्या आसपास. मधल्या उभ्या फळीवर दोन पल्ले समोरासमोर येतात तिथे अठरातून फटीचे दोन वजा करा, उरलेले सोळा दोघांत वाटा, प्रत्येकाला आठ. तिथे आठ क्रँक. पल्ला फळ्यांच्या आत, चौकटीत बसणार असेल तर सोळा. काही कंपन्यांचे आकडे थोडे वेगळे असतात, तर्क हाच. प्लेटच्या जाडीचाही हिशोब आहे. ती एक मिलिमीटर जाड घेतली की पल्ला एक मिलिमीटर कमी चढतो. म्हणजे काठाचे पाच वाढले की फळी जास्त झाकली जाते, प्लेट वाढली की कमी. एवढं लक्षात असलं की तक्ता हरवला तरी काम अडत नाही.

प्लेटच्या दोन भोकांची रेष बाजूच्या फळीच्या पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटरवर, आणि त्या दोन भोकांमधलं अंतर ३२. पल्ला आत बसणारा असेल तर सदतीसमध्ये पल्ल्याची जाडी मिळवा. अठराचा पल्ला म्हणजे पंचावन्न. हे मिळवायला विसरलेले पुष्कळ पाहिलेत. पल्ला मिटतो, पण अठरा मिलिमीटर पुढे येऊन उभा राहतो.

उंची जुळवायला माझ्याकडे एक काठी आहे, पल्ल्याच्या उंचीची, दोन बोटं रुंद. तिच्यावर वाट्यांच्या मध्याच्या खुणा एकदाच करायच्या. पल्ल्यावर काठी खालच्या कडेला टेकवून धरायची. कपाटाच्या फळीवर खुणा करताना, पल्ला खालून जितका वर राहणार तितक्या जाडीची चकती काठीखाली ठेवायची. दोन मिलिमीटर फट असेल तर दोन मिलिमीटरचा लॅमिनेटचा तुकडा. तीच काठी, त्याच खुणा. आधी मात्र आतल्या फळ्या कुठे येणार ते बघा, नाहीतर प्लेट नेमकी फळीच्या जागी येते आणि मग फळी कापावी लागते. मी कापलीय.

प्रश्न : डाव्या आणि उजव्या पल्ल्याची भोकं वेगळी मोजावी लागतात का?

उत्तर : वर-खाली अंतर सारखंच ठेवलंत तर नाही. दोन्हीकडे १०० असले की सपाट पल्ला उलटा फिरवला, डाव्याचा उजवा झाला. व्हेनियरच्या रेषा किंवा हँडलची भोकं असतील तर मात्र पल्ल्याच्या पाठीवर खडूनं बाण काढा, वर कुठलं ते.

प्रश्न : दीड मीटर उंच पल्ला, ६०० मिमी रुंद, पार्टिकल बोर्डाचा. वरची बिजागरी स्क्रूसकट उपटून आली, बोर्डाचा गोळा घेऊन. मधे आणखी दोन लावल्या तर टिकेल का?

उत्तर : सहाशे रुंदीच्या पल्ल्याला ढोबळ हिशोब असा: ९०० मिलिमीटर उंचीपर्यंत दोन, १६०० पर्यंत तीन, २००० पर्यंत चार, २४०० पर्यंत पाच. तुम्हाला तीन पुरेत, काच किंवा आरसा लावलेला नसेल तर. संख्येपेक्षा सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची यांच्यातलं अंतर जास्त कामाचं. पल्ला बारा किलोचा धरा. त्याचं वजन बिजागरीपासून ३०० मिलिमीटरवर लोंबतं. टोकाच्या दोन बिजागऱ्यांत १३०० मिलिमीटर असतील तर वरचीला पुढे ओढणारा जोर पावणेतीन किलोच्या आसपास येतो. त्याच दोन ६०० वर आणल्या तर सहा किलो. तेव्हा मधे गर्दी करू नका. टोकाच्या दोन टोकालाच ठेवा, तिसरी मधे, हवं तर वरच्या अंगाला थोडी.

उपटलेल्या जागेचं म्हणाल तर सुटा भुगा काढून टाका. स्क्रूच्या जागी १० मिलिमीटरचं भोक वाटीइतकंच खोल पाडा, लाकडी डॉवेल, म्हणजे गोल खुंटी, गोंद लावून बसवा, रात्रभर वाळू द्या आणि त्यात नवा स्क्रू. पार्टिकल बोर्डात स्क्रू मशीननं आवळू नका. शेवटचे दोन फेरे हातानं. हाताला लागणारा ताण कळतो, मशीन तो कळायच्या आत पार करून जातं.

प्रश्न : एक भोक चुकीच्या कडेला पाडलं. पल्ला फेकू?

उत्तर : नको. ३५ ची गोल चकती कापून गोंदानं बसवा, घासून वर रंग किंवा लॅमिनेटचा तुकडा. पाठीला आहे, कपाट उघडल्यावरच दिसेल. चकती काढायला प्लग कटर लागतो, होल सॉ नाही. होल सॉचा आकडा बाहेरच्या भोकाचा असतो, आत निघणारी चकती बारीक पडते, शिवाय तिच्या मध्ये भोक. मी दोन-तीन चकत्या डब्यात टाकूनच ठेवतो.

प्रश्न : लाकडी चौकट आणि मधे पातळ फळी अशा पल्ल्यांचं जुनं कपाट आहे, पितळी बिजागऱ्यांचं. चौकटीची उभी पट्टी ४५ मिमी रुंद, २० जाड. बिजागऱ्या करकरतात. त्या काढून आतल्या, वाटीच्या बिजागऱ्या बसवाव्यात असं सगळे म्हणतात. भोकं कुठे पाडू?

उत्तर : कुठेच नाही. काठाचे पाच आणि भोकाचे पस्तीस मिळून चाळीस झाले. पंचेचाळीसच्या पट्टीत मागे पाच उरले, आणि आतल्या कडेला मधली फळी बसवायची खाच आहे. ती आठ-दहा मिलिमीटर खोल असणार. म्हणजे बिट खाचेत शिरणार आणि फळीची कड खाणार. जाडीतूनही सुटका नाही. वीसच्या मधोमध सहाची खाच धरली तर ती सात ते तेरा मिलिमीटर खोलीवर आली, तुमची वाटी तिथेच उतरणार. वरून शंभर मिलिमीटरवर आडव्या पट्टीचं कूस, म्हणजे सांध्यात शिरणारी जीभ, पोचलेलं असेल तर तेही कापलं जाईल, आणि मग पल्ल्याचा सांधाच गेला.

बिजागऱ्यांचे स्क्रू एकेक करून आवळा, झिजलेले बदला, पिन वर ठोकून काढा, पुसा, तेलाचा थेंब सोडा, परत घाला.